डाव्या खिशातली कंपनी

गिरधरभाऊंच्या बंडीला दोन खिसे होते आणि त्यांचं सगळं अर्थशास्त्र त्या दोन खिशांत मावत असे. डावा खिसा धंद्याचा, उजवा घराचा. दिवसभर गल्ल्यातल्या नोटा डाव्या खिशात जायच्या आणि संध्याकाळी कढईखालचा गॅस बंद झाला, की त्यातल्या काही उजव्या खिशात. बहादरपुरच्या कच्च्या केळ्यांचे वेफर्स तळून त्यांनी बऱ्हाणपुरात बरं नाव कमावलं होतं. सल एकच होता. गेल्या मार्चमध्ये आठ लाखांच्या नफ्यावर त्यांना एकतीस हजार दोनशे रुपये आयकर भरावा लागला होता.

हा सल ते रोज शेजारच्या सदाशिवला ऐकवत. सदाशिव पेपर मिलमध्ये नोकरीला होता, त्यामुळे कराच्या बाबतीत तो जन्मजात बावळट आहे असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

"पगारवाल्यांची मले दया येते," गिरधरभाऊ म्हणत. "पैसा हाती यायच्या आधीच कापतात अन् तुम्ही लोक वरून खुश!"

"पण भाऊ, यंदाच्या बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत..."

"ते तुमच्यासाठी. धंदेवाल्याले कोण पुसते? मोठमोठ्या कंपन्या पाहा. भरतात का टॅक्स? तुले कोणी पावती दाखवली?"

सदाशिवला आजवर एकाही मोठ्या कंपनीनं पावती दाखवलेली नव्हती. गिरधरभाऊंच्या दृष्टीनं मुद्दा सिद्ध झाला.

त्याच आठवड्यात मोबाईलवरची एक जाहिरात पाहून त्यांनी गिरमाल वेफर्स प्रायव्हेट लिमिटेड काढली. कंपनीला दोन डायरेक्टर लागतात, म्हणून दुसऱ्या त्यांच्या पत्नी मालतीबाई. कागद आले. गिरधरभाऊंनी न वाचता सह्या केल्या आणि मालतीबाई चष्मा लावून वाचत बसल्या.

"ह्याच्यात लिहिलंय, कंपनी म्हणजे कायद्यानं वेगळी व्यक्ती."

"तेच तर! टॅक्स ती भरीन, आपण मोकळे."

"अन् ती कुठून भरीन?"

"ती भरतच नाही. कंपनी आहे ना!"

एवढ्या भक्कम तर्कापुढे मालतीबाईंनी चष्मा सारखा केला. त्यांनी पुढची ओळ वाचली. "डायरेक्टरचा पगार किती लिहू?"

"शून्य. पगार घेतला की कापतात. सदाशिवचे हाल दिसत नाही का तुले?"

त्या वर्षी गिरधरभाऊ फार सुखात होते. खर्च दाखवला की सरकार तेवढे पैसे परत देतं, हेही त्यांना कुठूनसं कळलं होतं. म्हणून त्यांनी कढईपासून सहा फुटांवर चाळीस हजारांचा एसी बसवला. कढई जिंकली. डावीकडून उजवीकडे नोटा जातच राहिल्या आणि मालतीबाई एका वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. कपाटात दोन लाख दहा हजार रुपये वेगळे साठले होते. ते काळ्या गाडीच्या डाऊन पेमेंटचे. धूलकोटच्या सासुरवाडीला धाकटा साडू चारचाकीतून उतरायचा आणि त्याच दारात गिरधरभाऊ मोटारसायकल स्टँडला लावायचे. हे दृश्य त्यांना आयुष्यातून कायमचं पुसायचं होतं. गाडी अक्षय्य तृतीयेला आणायची ठरली.

एप्रिलमध्ये ते मालतीबाईंना घेऊन सीए निशाकडे गेले. निशा त्यांच्या मित्राची मुलगी. तिनं कागद दोनदा चाळले.

"काका, कंपनी काढा म्हणून कोणी सांगितलं?"

"मोबाईलनं. काहून?"

"सच बोलू? माणसाला आता बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही. पगार असो की धंदा. तुमचा नफा आठ लाख. जसे होते तसे राहिले असते, तर झीरो."

गिरधरभाऊंनी पाण्याचा ग्लास उचलला. "अन् कंपनीले?"

"कंपनीला ती सूट नाही. पहिल्या रुपयापासून पंचवीस टक्के, वर सेस. दोन लाख आठ हजार. वेळेवर न भरल्याचं व्याज अलग, ऑडिटची फी अलग."

ग्लास परत टेबलावर गेला.

"पण एसी? त्याचे चाळीस हजार तर सरकार देईन ना?"

"सरकार देत नाही, काका. नफ्यातून खर्च वजा होतो. चाळीस हजार घालवून दहा हजारांचा टॅक्स वाचतो. तोही एका साली नाही, हळूहळू."

"म्हणजे तीस हजार गेले?"

"तुम्हाला थंडी तर वाजली ना?"

"वाजली नाही," मालतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. "यांनी डाव्या खिशातून उजव्यात टाकलेले. चार लाख बारा हजार. तारखेवार."

"काकू, तुम्ही देवमाणूस आहात," निशा म्हणाली. "काका, हे पैसे कंपनीचे. याचा वेगळा जाब द्यावा लागेल."

"कंपनी माझी आहे!"

"कंपनी तुमची. पैसे तिचे."

"बंडी माझी, खिसा माझा, घाम माझा..."

"पगार घेतला असता तर तुमचे झाले असते. कंपनीचा नफा तेवढा कमी, तिचा टॅक्सही कमी, अन् तुम्हाला तर झीरोच. पण तुम्ही पगार शून्य लिहिला. का?"

गिरधरभाऊंना एकाएकी सदाशिवची आठवण आली.

अक्षय्य तृतीयेच्या आधी कपाट रिकामं झालं. दोन लाख आठ हजार सरकारात गेले. उरलेले दोन हजार आणि वर गल्ल्यातले काही व्याजात गेले. सणाला ते धूलकोटला मोटारसायकलवरच गेले. साडूनं आपणहून गाडी मागं घेऊन त्यांना स्टँड लावायला जागा करून दिली, हे त्यांना जास्त लागलं.

सदाशिवचा त्या वर्षीचा कर शून्य आला. तो मावा जलेबी घेऊन आला आणि म्हणाला, "अख्ख्या गल्लीत टॅक्स भरणारे तुम्ही एकटे, भाऊ. देश तुमच्यावर चालू राहिला."

आता गिरधरभाऊ महिना साठ हजारांवर कंपनीत नोकरीला आहेत. नेमणुकीच्या कागदावर सही मालतीबाईंची. पहिल्या तारखेला ते काउंटरसमोर उभे राहिले. सदाशिव पाव किलो वेफर्स घ्यायला आलेला होता. मालतीबाईंनी पाकीट पुढे केलं. गिरधरभाऊंनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"एक हजार कमी आहेत."

"सोमवारी तुम्ही बारा वाजता आले. अर्धा दिवस कापला."

सदाशिवनं वेफर तोंडात टाकला. "हाती यायच्या आधीच का, वहिनी?"

गिरधरभाऊंनी नोटांची घडी घातली. सवयीनं त्यांचा हात डाव्या खिशाकडे गेला आणि तिथेच अडखळला. पांढऱ्या दोऱ्यानं, बारीक आणि अगदी सरळ टाके घालून, मालतीबाईंनी तो खिसा शिवून टाकला होता.