पारा सरांचे सदतीस अंश

“आज त्या साहेबांना असा तास दाखवतो, की खोली मागणारे स्वतःहून अर्ज मागे घेतील,” असं पारा सर सकाळी दाढी करताना म्हणाले. आरशाला ते पटलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “हनुवटीखालचं राहिलंय.”

पारा सर म्हणजे शाळेचे विज्ञानाचे सर. हे नाव मुलांनी ठेवलेलं आणि शिक्षकांनी पाठीमागे वापरलेलं. सरांचा पारा कशानेही चढायचा, पण गेला महिनाभर तो एकाच कारणाने चढलेला होता. शाळेत एसी एकच, आणि तो सरांच्या प्रयोगशाळेत. एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेला. हा विद्यार्थी सरांच्याच विषयात दोनदा नापास झालेला असल्यामुळे भेटीमागे कृतज्ञता होती की दया, हे कळायला मार्ग नव्हता. एसीचा रिमोट सर शर्टाच्या खिशात ठेवत, पेनाच्या शेजारी, आणि पेन मागितलं तर देत.

आता संगणकाच्या बाईंनी अर्ज केला होता. वरच्या मजल्यावर पत्र्याखालच्या खोलीत संगणक अकरानंतर तापून बंद पडतात, तरी प्रयोगशाळा संगणकांना द्यावी आणि विज्ञान वर हलवावं. निकाल तपासणी अधिकारी देणार होते, तोही सरांचा तास बघून. तास चांगला झाला तर खोली सरांची, नाहीतर सर पत्र्याखाली.

सरांनी विषय निवडला, शरीराचं तापमान. तयारी म्हणून त्यांनी कपाटातून तीन स्वेटर काढले. एक स्वतःचा, एक सासऱ्यांचा तपकिरी, आणि एक बायकोचा, गुलाबी, छातीवर बदकं असलेला.

“भर उन्हाळ्यात?” बायकोने विचारलं.

“माणसाच्या मेंदूत बदामाएवढं एक केंद्र असतं,” सर म्हणाले. “बाहेर आग पेटू दे नाहीतर बर्फ पडू दे, ते आत सदतीस अंश राखतं. गरम झालं की घाम काढतं, गार झालं की थरथर सुरू करतं. मी अंगात तीन स्वेटर घालणार, पाय बर्फाच्या पाण्यात ठेवणार, आणि तोंडात थर्मामीटर. वर उन्हाळा, खाली हिवाळा, मधे सदतीस.”

“सगळं ते बदामच करतं?”

“एकटं.”

“मग काल दुपारी लाइट गेल्यावर डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बाथरूममध्ये कोण बसलं होतं?”

“ते वेगळं,” सर म्हणाले. विज्ञानाचे नियम सगळ्यांना सारखे लागू असतात, हे सर वर्गात सांगत. घर हा वर्ग नव्हता.

अकराला पाच कमी असताना सर प्रयोगशाळेत खुर्चीवर बसले. तीन स्वेटर चढवलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय टबात. एसी बंद. वाऱ्याची मदत घेतली असं कोणी म्हणू नये म्हणून खिडक्याही बंद. समोर आठवीचा वर्ग, पाठ केलेल्या उत्तरांसकट.

अकरा वाजले. साहेब आले, पण मोठ्या बाईंच्या खोलीत. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाहुण्याला बिस्किटं खाऊ घातल्याशिवाय सोडत नसत. सव्वाअकरा झाले. सरांच्या कपाळावरून घामाची धार नाकाच्या शेंड्यापर्यंत आली आणि तिथून बदकांवर पडू लागली. खाली पायांची बोटं आपलीच आहेत की बर्फाबरोबर आली, हे सरांना कळेनासं झालं.

“सर, एक स्वेटर काढा ना,” पहिल्या बाकावरची वेणीवाली मुलगी म्हणाली. ती सरांचं प्रत्येक वाक्य वहीत लिहून ठेवायची, त्यामुळे सरांना ती आवडायची आणि तिची जरा भीतीही वाटायची.

“प्रयोग मधेच मोडायचा नसतो,” सर म्हणाले. खरी गोष्ट अशी, की बदकांची चेन अडकली होती.

तेवढ्यात शिपाईमामा डोकावले. त्यांनी पाहिलं ते असं. कपाळ तापलेलं, पाय गारठलेले, दात घट्ट आवळलेले, आणि उन्हाळ्यात तीन स्वेटर.

“सर, बरं नाही का?”

“मी एकदम ठीक आहे. मी आत सदतीस आहे, मामा.”

शिपाईमामांना सरांचं वय माहीत होतं. चोपन्न. ताप मेंदूत गेला, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी धावत जाऊन गरमागरम चहा आणला, सरांच्या हातात दिला, आणि तसेच मोठ्या बाईंकडे पळाले. सरांनी चहा घेतला. पायांच्या बाजूने विचार केला तर चहाची फार गरज होती.

पाचच मिनिटांत मोठ्या बाई, तपासणी साहेब आणि शाळेच्या नर्सबाई असे तिघे आत आले. पाठोपाठ संगणकाच्या बाई, काळजी म्हणून. खोली मोजायची टेप त्यांच्या हातात योगायोगाने होती.

“कधीपासून आहे ताप?” नर्सबाईंनी विचारलं.

“ताप नाही, तास आहे,” सर म्हणाले. “साहेब, बसा. आता मी थर्मामीटर लावतो. बघा, बरोब्बर सदतीस.”

नर्सबाईंनी थर्मामीटर स्वतःच्या हाताने लावला. यंत्र वाजलं. नर्सबाईंनी वाचलं, “अडतीस पूर्णांक नऊ.”

मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. संगणकाच्या बाईंनी दुसरीकडे बघत दाराची रुंदी घेतली.

“आणि हे काय?” नर्सबाई सरांच्या मानेकडे बघत म्हणाल्या. “पुरळ पण आलंय.”

मानेवर खरंच गुलाबी डाग होते. बायको हा स्वेटर नेहमी वेगळा का धुते, हे सरांना लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांनी कळलं.

“सगळ्या वर्गाला बाहेर काढा,” नर्सबाई म्हणाल्या. “साथीचं असू शकतं.”

सरांच्या डोळ्यांसमोर पत्र्याची खोली उभी राहिली. सव्वीस वर्षांच्या बरण्या, सूक्ष्मदर्शक, हाडांचा सांगाडा, सगळं जिन्यावरून वर चाललेलं दिसलं.

“सर आत्ताच गरम चहा प्यायलेत,” वेणीवाली उभी राहून म्हणाली. तिने वही उघडली. “सरांनीच सांगितलंय, पान बारा. गरम किंवा गार प्यायल्यावर पंधरा मिनिटं तोंडातलं तापमान घ्यायचं नाही.” मग तिने पुढे येऊन सरांच्या मानेवरून ओलं बोट फिरवलं आणि साहेबांना दाखवलं. “आणि हा रंग आहे.”

त्या क्षणी सरांना ती पोटच्या मुलीसारखी वाटली. फक्त तिच्यामुळे आता आणखी पंधरा मिनिटं बसायचं होतं.

सर बसले. बसल्या बसल्या त्यांनी जसं शिकवलं, तसं सव्वीस वर्षांत शिकवलं नव्हतं. उदाहरण हाताशी होतं, किंबहुना अंगावर होतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या कशा फुगतात, म्हणून चेहरा लाल होतो, हे त्यांनी स्वतःचा चेहरा दाखवून सांगितलं. गार पायांकडचं रक्त शरीर कसं आवरून घेतं, हे टबातून पांढराफटक पाय वर काढून दाखवलं. घाम वाळतो तेव्हा अंगातली उष्णता घेऊन जातो, हे सांगताना त्यांनी कपाळ पुसलं नाही. साहेबांनी मात्र दोनदा पुसलं.

पंधरा मिनिटांनी नर्सबाईंनी पुन्हा थर्मामीटर लावला. यंत्र वाजलं.

“सदतीस,” नर्सबाई म्हणाल्या. त्यांना जरा वाईटच वाटलं असावं.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. शिपाईमामांनी डोळे पुसले. साहेब उठून सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, “इतका पटणारा तास मी पाहिला नाही. म्हणजे माणसाला एसीची गरज नाही म्हणा की.”

“छे,” सर म्हणाले. विजय डोक्यात गेला होता, आणि डोकं आधीच गरम होतं. “चोचले आहेत, साहेब. शरीर सगळं सांभाळून घेतं.”

“पत्र्याखालीसुद्धा?”

“खुशाल बसवा पत्र्याखाली.”

“आणि संगणक?”

“ते मठ्ठ हो,” सर दयेने हसले. “त्यांना कुठला घाम येतो? बाहेरून कोणी गार ठेवलं तरच चालतात बिचारे.”

वेणीवालीने सावकाश वही मिटली. तिला कळलं होतं. सरांना कळायला तपासणीचा अहवाल यावा लागला. त्यात त्यांच्या तासाला ‘उत्कृष्ट’ असा शेरा होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘मानवी शरीर आपले तापमान स्वतः राखते, हे सरांनी सप्रमाण सिद्ध केले आहे. यंत्रांना ही सोय नाही. सबब प्रयोगशाळेची खोली संगणकांना देण्यात यावी व विज्ञानाचे वर्ग वरच्या मजल्यावर भरवावेत.’

सोमवारी सांगाडा वर गेला. रिमोट संगणकाच्या बाईंच्या पर्समध्ये गेला. बायकोने बदकांचा स्वेटर परत मागितला आणि घरात हा विषय पुन्हा काढला नाही, फक्त जेवताना एकदा बदामाची चौकशी केली.

पत्र्याखाली सरांचं शरीर आपलं काम चोख करत होतं. घाम निघत होता, चेहरा लाल होत होता, आत सदतीस. गुरुवारी दुपारच्या मोकळ्या तासाला मात्र सर जिना उतरून खाली आले आणि ओळखीच्या दारावर त्यांनी टकटक केली.

“मला संगणक शिकायचाय,” ते म्हणाले.

“या ना सर, दार तेवढं लावून घ्या, गार हवा जाते,” संगणकाच्या बाई म्हणाल्या. त्यांनी एसीखालची खुर्ची पुढे केली. “काय शिकायचंय?”

“काहीही चालेल,” सर डोळे मिटून म्हणाले. “फक्त सावकाश शिकवा.”