टोप्यांवरचे गुण

सोमवारी सकाळी चौथीच्या बाईंनी वर्गातलं कपाट उघडलं आणि क्षणभर त्यांना वाटलं, आपण चुकून दवाखान्यात शिरलो. आत चोवीस पांढरे डबे, प्रत्येकावर एकेक रंगीत ठिपका. बावीस वर्षांचा पसारा, ज्यातून त्या डोळे मिटून हवा तो कागद काढत, नाहीसा झाला होता.

हा पराक्रम तज्ज्ञांचा. शिक्षकांचा वेळ वाचावा म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना कुठल्याशा शिबिरातून उचलून आणलं होतं. तज्ज्ञांनी आजवर एकाही मुलाला शिकवलं नव्हतं. आधी ते चपलांचं गोदाम बघत. चपला आपणहून जागा सोडत नाहीत, एवढाच त्यांचा अनुभव. पण 'व्यवस्थापन' हा शब्द ते असा उच्चारत, की समोरच्याला आपण आंघोळ न करता आलोय असं वाटावं. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी एकट्यानंच कपाट लावलं होतं.

"चाचणीचे पेपर कुठंयत?" बाईंनी विचारलं. ते बघायला अकराला पालक यायचे होते. साडेदहा होऊन गेले होते.

"यादीत बघा ना," तज्ज्ञ म्हणाले.

"यादी कुठाय?"

"संदर्भाच्या डब्यात."

"त्याचा ठिपका कोणता?"

"ते यादीत दिलंय."

बाईंनी एकेक डबा उपसायला घेतला. एकोणिसाव्यात यादी सापडली. तीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'तपासलेले पेपर. उपयोग संपला. तिसरीला हस्तकलेसाठी.'

"तपासून झाले होते ना?" तज्ज्ञ म्हणाले. "आपण भावनेपोटी कागद साठवतो, बाई."

"मी गुणांपोटी साठवले होते."

तिसरीच्या वर्गात चाळीस डोक्यांवर चाळीस टोप्या होत्या. उरलेल्या दोन खिडकीत वाळत होत्या. खळ पक्की बसली होती.

"काढून घेतल्यात तर रडतील," तिसरीच्या बाई म्हणाल्या. "आत्ता कुठं गप्प झालीत."

मुख्याध्यापक धावत आले, परिस्थिती बघितली आणि चौथीच्या बाईंना म्हणाले, "हा निष्काळजीपणा तुमचा." तज्ज्ञांनी मान डोलावली. तेवढ्यात पालक आलेच. त्यांना तिसरीत नेण्यावाचून इलाज नव्हता. ते डोक्यामागून डोकं तपासू लागले.

"बाळा, जरा मान वाकव," एक गृहस्थ म्हणाले. "आमच्या चिरंजीवांचं उत्तर तुझ्या कानामागं गेलंय."

"माझ्या मुलीला पंचवीसपैकी किती?" एक आई विचारत होती. "घडीत गेलेत हो."

आणि नेमके याच वेळी संस्थेचे अध्यक्ष दारात उभे राहिले. निवडून आल्यापासून त्यांनी वर्गात पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे वर्गात एरवी काय चालतं याची त्यांना कल्पना नव्हती. अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले.

"पालक मुलांकडे इतकं वाकून बघतायत," ते भारावून म्हणाले, "हे मी प्रथमच पाहतोय. कल्पना कोणाची?"

"माझीच," मुख्याध्यापक म्हणाले. "तज्ज्ञांनी थोडा हातभार लावला."

"आणि हे पालक कोणाच्या वर्गाचे?"

मुख्याध्यापकांनी नाइलाजानं चौथीच्या बाईंकडे बोट दाखवलं.

अध्यक्षांनी उभ्या उभ्या निर्णय दिला. बाईंना संपूर्ण शाळेच्या वेळबचत प्रमुख करावं. वेगळी खोली द्यावी, वर्ग देऊ नये. आणि चौथीला? "हे तज्ज्ञ आहेत ना. अशा माणसाचा लाभ थेट मुलांनाच मिळायला हवा."

तज्ज्ञ काहीतरी बोलणार होते, पण लोक टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौथीतून तीन निरोप आले. पहिला, मुलं जागेवर बसत नाहीत. दुसरा, एकाच्या नाकात खडू गेलाय. तिसऱ्या चिठ्ठीवर नुसतंच 'बाई' लिहिलेलं होतं.

बाईंनी तिन्ही चिठ्ठ्या नीट वाचल्या, नाकातल्या खडूसाठी शिपायाला पिटाळलं आणि खुर्चीत टेकून बसल्या. समोरच्या चहातून वाफ निघत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो गरम असताना प्यायला.