आधी गोळी, मग पाणी

मी रक्तदाबाची गोळी गिळल्याशिवाय आमच्या कोल्हारात मागच्या गल्लीला पाणी सुटत नाही.

याला कारण नाना. गावच्या नळाचे व्हॉल्व्ह उघडायचं काम त्यांच्याकडे. सकाळी साडेसहाला लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघतात आणि जिथे बीपीची गोळी चालू आहे त्या प्रत्येक दारात थांबतात. "गुरुजी, गोळी." मी गिळतो. "आ करा. जीभ वर." मग पुढचा व्हॉल्व्ह. एकदा माझी गोळीच सापडेना, तर मागच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन दारात. "गुरुजी, गिळा की एकदाची. पोरांच्या आंघोळी ऱ्हायल्यात."

"आता बरं वाटतंय" असं नानांसमोर म्हणायची सोय नाही. "बरं वाटतंय ते गोळीमुळं. लई शाने हुऊ नका." नवरात्रात तर त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. उपास करणाऱ्यांकडे दोन-दोन फेऱ्या. "देवी गोळीला न्हाई म्हनत न्हाई."

हे कुठून आलं ते गावाला ठाऊक आहे. नानांच्या बायकोने, काकूंनी, उपासात गोळी बंद ठेवली होती. "दसऱ्याला कर चालू, नऊ दिवसांनी काय हुतंय," असं नानाच म्हणाले होते. आठव्या माळेला काकूंच्या छातीत कळ आली. नगरला नेईपर्यंत त्या गेल्या.

गेल्या महिन्यात एकदा सात वाजले तरी पाणी नाही. साडेसात झाले. नाना गोळी विचारायलाही आले नव्हते, याचीच मला जास्त भीती वाटली. मी चपला न घालताच निघालो.

नाना आपल्या घराच्या ओट्यावर बसले होते, चावी पायाशी. "गरगरलं जरा. उठाया जमंना." पाणी आणायला आत गेलो तर काकूंच्या फोटोमागे नानांच्याच बीपीच्या गोळ्यांची पाकिटं. एकही गोळी काढलेली नव्हती.

भीतीपोटी मी चिडलो. "गावाच्या जिभा बघता, आणि हे काय?"

ते खाली बघत राहिले. "ती हुती तवा ती द्यायची. आता मला कोन म्हनतंय, आ करा म्हनून?"

रिक्षा करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आता रोज सव्वासहाला मी त्यांच्या दारात असतो. ते गोळी गिळेपर्यंत चावी माझ्या हातात. "नाना, आ करा. जीभ वर." ते निमूट करतात. मी "बास" म्हटलं तरी लगेच तोंड मिटत नाहीत.