कडी नसलेल्या मुलुकातली सुगलामावशी

पोळ्याचा आदला दिवस, भूकंपानंतरचं तिसरं वर्ष. रक्कम दरमहा साडेतीनशे रुपये, अनामत एका महिन्याची. हजर: मी, माझी बायको मंगल आणि खोली बघायला आलेली सुगलाबाई. मी आडत दुकानात हिशेब लिहिणारा माणूस, नोटा दोनदा मोजून घेतो. त्या दिवशी मात्र मोजायला नोटा हातात येईनात. सुगलाबाईने पदराच्या गाठीतून त्या काढल्या, मुठीत धरल्या आणि म्हणाली, "आधी कडी काढा."

"कसली कडी?"

"दाराची. आतली काढा अन् बाहेरची बी काढा. मंग पैसे."

खिडकीला जाळी मागणारे, नळ बदलून मागणारे, भाडं कमी करून मागणारे भाडेकरू मी पाहिले होते. कडी काढून मागणारी ही पहिलीच. मी विचारलं, रात्री दार कसं राहणार? म्हणाली, लोटलेलं. चोर आला तर?

"आला तर वाढायचं त्याला. मेसच चालवायची हाय मला."

"पण कारण काय?"

"तिकडं दाराला कडी नसती," ती म्हणाली, आणि याहून जास्त खुलासा लागतो असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मी स्क्रू काढायला बसलो.

तेव्हा लातुरात आमच्या गल्लीत प्रत्येक घर वर एक मजला चढवत होतं. क्लासची पोरं जिल्ह्याजिल्ह्यातून येत होती आणि त्यांना झोपायला कॉट आणि खायला भाकरी लागत होती. सुगलाबाईने आमच्या अंगणाकडच्या खोलीत मेस काढली आणि ती सगळ्यांची मावशी झाली. तिचं गाव भूकंपात गेलं होतं आणि गावाबरोबर नवरा. ती पहाटे म्हशीची धार काढायला गोठ्यात गेली होती म्हणून राहिली. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्याबद्दल ती बोलत नसे. बोलायची ती 'तिकडं'बद्दल, आणि भाकरी थापायला बसल्यापासून ताटं विसळेपर्यंत बोलायची.

तिकडं म्हणजे कुठं, हे मी पहिल्या आठवड्यातच विचारलं. मुलुकाचं नाव काय? ती म्हणाली, "नाव ठेवलं न्हाई. नाव ठेवलं की सरकार रस्ता आणतंय. रस्त्यावरून मंग दगड येतंय."

तिकडं जमीन रोज हलते. सकाळच्या चहाला एकदा आणि दिवेलागणीला एकदा. रोजच हलते म्हटल्यावर कोणी घाबरत नाही. ताक आपोआप घुसळलं जातं, पाळण्याला दोरी लागत नाही, पीठ चाळताना बाईने चाळणी नुसती धरून बसायचं. तिथे एक चिमणी आहे. ती रोज सकाळी ओरडून सांगते की आज हलणार. रोजच हलत असल्यामुळे तिला लोक लई हुशार समजतात.

तिथल्या माणसांना लवके म्हणतात. त्यांचे गुडघे पुढेही वाकतात आणि मागेही. घरं तुराट्यांची, टोपलीसारखी विणलेली, झाडाला टांगलेली. भिंतीत दगड सापडला तर घरमालकाला दंड, आणि दगड नदीत. मावशीने स्वतःचा पाटा-वरवंटाही खोलीबाहेर अंगणात ठेवला होता. पावसात चटणी वाटायची तर एका हाताने डोक्यावर पोतं धरायची, पण पाटा आत घेतला नाही.

मेसला जेवणाऱ्या पोरांत देगलूरचा व्यंकट होता. पुढे इंजिनिअर व्हायचं म्हणून त्याला प्रत्येक गोष्टीत शंका.

"मावशी, गुडघे दोन्हीकडं वाकले तर माणूस उभा कसा राहील?"

"तुझे तर एकाच बाजूला वाकत्यात. तरी सकाळच्या क्लासला उठून उभा राहीनास."

पोरं हसली. व्यंकटने शंका मागे घेतली आणि आणखी एक भाकरी घेतली.

जमीन हलते ती भुईबैलामुळे. हा जमिनीखाली झोपलेला असतो. दिसायला थेट देवणी बैल: काळे-पांढरे ठिपके, लोंबते कान. फक्त पाय आठ. कूस बदलताना पायात पाय अडकतात आणि वर भांडी वाजतात. त्याची पूजा कोणी करत नाही. त्याला रागवायचं असतं. पोळ्याच्या दिवशी गल्ली मातीच्या बैलांना पुरणपोळी दाखवत होती आणि ही अंगणात टाच आपटून सांगत होती, "ए, गुमान नीज. आमाला कामं हायत."

मंगल घाबरली. "मावशी, देवाला असं बोलू नये."

"देवाला कुठं बोलले, वैनी? बैलाला बोलले. देवाला बोलायचं अजून ऱ्हायलंय."

मला आवडायचे ते सावल्ये. उन्हाळ्यात ही माणसं सावली चटईसारखी गुंडाळून खांद्यावर घेऊन दारोदार फिरतात. मी दर विचारला. एका सावलीला दोन भाकरी. उधारी नाही. मी म्हटलं, आकाशात ढग आले की त्यांचा धंदा बसणार. मावशी परात पुसता पुसता म्हणाली, "तवा ते भजी इकत्यात." माझ्या हिशेबी डोक्याला तिथे एकही चूक सापडली नाही, याचा मला थोडा रागही यायचा.

आणि लग्न. तिकडं लग्नात काळे मणी नसतात. नवरा-नवरीच्या पायाला एकच दोरी बांधतात, कायमची. "जमीन हालली तर दोघं एकाच बाजूला पडावं म्हणून," ती म्हणाली. पोरांनी विचारलं, मग शेतात, बाजारात जाताना कसं? "दोघं जात्यात," ती म्हणाली, आणि आमटी वाढायला उठली.

असं दीड वर्ष गेलं. मग गल्लीत चोऱ्या सुरू झाल्या. कुणाचा सिलिंडर गेला, कुणाची सायकल. मी माझ्या पुढच्या खोलीला नवी पितळी कडी बसवली. चांगली जड, घट्ट. आमच्या दारापुढून जाताना मावशीने ती पाहिली आणि पदर सावरून लांबून गेली.

तिची निम्म्याहून जास्त पोरं कोपऱ्यावरच्या एका क्लासची होती. त्या क्लासचे फिजिक्सचे सर एका संध्याकाळी माझ्याकडे आले. पोरं अंगणात जेवायला बसली होती, मंगल वाढू लागली होती, मावशी चुलीपुढे. सर म्हणाले, खासगीत बोलायचंय. मी दार लावलं आणि कडी घातली.

"पालक विचारायलेत," सर म्हणाले. "उघड्या दाराच्या मेसमध्ये पोरांची पुस्तकं, घड्याळं राहतात. अन् त्या गोष्टी. परवा चाचणीत एकानं भूकंपाच्या कारणात बैल लिहिला."

"पाय किती लिहिले?" मी विचारलं. सरांना ते आवडलं नाही.

"बाईंना सांगा. दाराला कडी लावायची आणि गोष्टी बंद. न्हाईतर उद्यापासून आमची पोरं दुसऱ्या मेसला."

निम्मी पोरं गेली की मेस बसणार आणि मावशीला खोली सोडावी लागणार, हे सांगायला हिशेबनीस लागत नव्हता. तिला जायला गाव उरलं नव्हतं. मी एकदा तिला कडीबद्दल विचारूनही पाहिलं होतं. "घरातून काढा, पण कडी न्हाई," एवढंच उत्तर मिळालं होतं. सरांना काय सांगावं याची जुळवाजुळव करत असतानाच फळीवरची भांडी वाजली.

धक्का लहान होता. पण लातूरच्या माणसाला लहान-मोठा ठरवायला थांबण्याची सवय राहिली नव्हती. आम्ही दोघेही दाराकडे धावलो. सर कडी वर ओढत होते आणि मी खाली. दोघांचे चार हात आणि एक कडी. ती जागची हलेना.

बाहेरून दारावर थापा पडायला लागल्या. मावशीचा आवाज मी ओळखला, पण असा कधी ऐकला नव्हता.

"ओ, उघडा की. ऐकू येतंय का? ह्या वक्ताला मी लावली न्हाई. ओ, मी न्हाई लावली. उघडा की."

शेवटी मी सरांचा हात बाजूला केला आणि कडी निघाली. तोवर जमीन केव्हाच थांबली होती. पोरं ताटं सोडून उभी होती. आमच्या दारावर पिठाचे पंजे उमटले होते, एकावर एक, छातीच्या उंचीपासून खाली उंबऱ्यापर्यंत. मावशी उंबऱ्यावर बसली होती. मंगलने तिला पाणी दिलं. ते न पिता तिने तांब्या मांडीवर धरून ठेवला.

"धार काढायला जाताना बाहेरून कडी घालून गेले होते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कुत्रं शिरायचं घरात. कारभारी आतून हाका मारत होते. मला दगडावरून तिथवर जायला झालं न्हाई."

सरांनी चष्मा काढला आणि परत घातला.

मग ती उठली. अंगणाच्या मधोमध गेली आणि टाच आपटली. आवाज बसलेला होता, पण शब्द एकेक वेगळा ऐकू आला. "ए. नीज गुमान. मी जाणार न्हाई हितून." आणि पोरांकडे वळून म्हणाली, "तुमी का उभारलाव? भाकरी गार व्हायल्यात."

सर निघाले. फाटकापाशी त्यांनी व्यंकटला हळूच विचारलं, "त्या बैलाला पाय किती म्हणाल्या?"

"आठ, सर."

"बरं," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या क्लासची सगळी पोरं नेहमीप्रमाणे जेवायला आली. कडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या रविवारी मी सुतार बोलावला. पितळी कडी काढायची, भोकं बुजवायची. त्याने साठ मागितले, मी चाळीस म्हणालो, पन्नासवर मिटलं. भर दुपारी काम चाललं होतं आणि मावशी अंगणात आमच्या दारालगत ज्वारी निवडत बसली होती. काम संपल्यावर मी सुताराला पन्नास रुपये मोजून दिले. तो हत्यारं गोळा करून निघाला तेव्हा मावशीने त्याला थांबवलं आणि कागदात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या हातात दिल्या.

"ह्या कशाच्या, मावशी?"

"तू दारात उभा होतास," ती म्हणाली. "तुझी सावली माझ्यावर होती."