कोऱ्या बाटलीतला मासा

"सापडला, मॅडम! तुमचा करवत मासा सापडला!" प्रयोगशाळेतला तपासनीस फोनवर ओरडला.

संशोधक बाई ताडकन उठल्या. "कुठल्या बाटलीत?"

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "तेवढं विचारू नका."

"कुठल्या?"

"कोऱ्या."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. करवतीसारख्या सोंडेचा हा दुर्मिळ मासा त्या कित्येक वर्षं शोधत होत्या. मासा दिसायलाच हवा असं नव्हतं. तो पोहून गेला की अंगाचे कण पाण्यात राहतात, त्यातल्या डीएनएवरून त्याचा पत्ता लागतो. म्हणून होडीतून दूरदूरचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं. सोबत प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली न्यायची. तिच्यात काही सापडता कामा नये. सापडलं, म्हणजे कुठेतरी घाण झाली आणि सगळीच मेहनत संशयात. या खेपेला मासा मिळाला नाही तर संशोधन गुंडाळा, असं संचालकांनी बजावलंच होतं.

"तुम्ही बाटल्या धुता की नुसत्या ओवाळता?" बाई कडाडल्या.

"आमच्याकडे करवत मासा आजवर आलाच नाही, मॅडम. घाण लागणार कशाची?"

बाईंनी फोन आपटला. पाणी आणायला गेल्या तेव्हा त्यांचा मदतनीस आजारी होता. त्या दिवशी बाटल्यांचं खोकं सांभाळायला होडीत बसले होते ते त्यांचे यजमान, निवृत्त ग्रंथपाल. या क्षणी ते कोपऱ्यात पुस्तक वाचत, बाई घरी निघायची वाट पाहत होते.

"अहो, कोऱ्या बाटलीला कुणी हात लावला?"

"कुणी नाही." त्यांनी मान वर केली नाही. इथेच बाईंना संशय आला.

"खरं बोला."

"तहान लागली होती गं. त्या बाटलीवर 'शुद्ध पाणी' लिहिलं होतं."

"प्यायलात?"

"अर्धी ठेवली असती तर तू ओरडली असतीस, म्हणून सगळी प्यायलो. काही म्हणता काही चव नव्हती."

"आणि भरलीत कशानं?"

"समुद्रानं. परत आल्यावर होडीतून ऑफिसमागच्या पायऱ्यांवर उतरलो तेव्हा आठवलं. म्हटलं, बाकीच्या बाटल्यांतही समुद्रच आहे, हिनंच काय घोडं मारलंय?"

बाईंनी टेबलावरचा दगडी गोळा उचलला. हात वरच राहिला.

ऑफिसमागच्या पायऱ्या! ती चिखलाची, गटाराच्या तोंडाची खाडी! निळ्या पाण्यासाठी बाई होडीत बादलीभर ओकल्या होत्या आणि या पायऱ्या नाकाला पदर लावून उतरल्या होत्या. ज्याला दुनियाभर शोधलं, तो त्यांच्याच खिडकीखाली नांदत होता! आता रागवायचं तरी कुणावर?

तेवढ्यात मागून दगड कोसळल्याचा आवाज आला. संचालकांच्या गाड्या ठेवायला खाडी बुजवण्याचं काम आजच सुरू झालं होतं.

बाई धावत खाली गेल्या आणि डंपरसमोर उभ्या राहिल्या. "बंद कर! इथं दुर्मिळ मासा असेल!"

"ताई, बाजूला व्हा," ड्रायव्हर म्हणाला. "'इथं जपण्यासारखं काही नाही', असं लिहून मिळालंय आम्हाला."

"कुठल्या गाढवानं लिहिलंय?"

ड्रायव्हरने कागद काढला, सहीखालचं नाव वाचलं, मग बाईंच्या छातीवरचं ओळखपत्र वाचलं. तो भला माणूस होता. त्याने कागदाची घडी घातली. "अक्षर नीट लागत नाही, ताई."

बाईंना आठवलं. होडीच्या डिझेलला मंजुरी हवी होती, तेव्हा संचालकांनी पुढे केलेल्या त्या कागदावर त्यांनी न वाचताच सही ठोकली होती.

त्या चाकासमोरच्या दगडावर फतकल मारून बसल्या. "मग त्या गाढवाला तुडवून पुढे ने गाडी."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. यजमान धापा टाकत पोहोचले. बाईंनी त्यांच्या पिशवीतून रिकामी बाटली ओढून त्यांच्याच हातात कोंबली.

"जा, पायऱ्यांवरून भरून आणा. आणि खबरदार, वाटेत प्यायलात तर!"