तात्यांचा पाखऱ्या

आमच्या शेजारच्या तात्यांकडे सोमवारी केर काढत नाहीत. सोमवारी बैल जुंपायचा नसतो. आता पुण्याजवळच्या मांजरीत, इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बैल कुठून आला, असं तुम्ही विचाराल. तो जर्मनीहून आला. ताटाएवढा, काळा, आपला आपण फिरून केर ओढून घेणारा रोबो. तात्यांच्या मुलीने, वैशालीने पाठवलेला. तात्यांनी त्याला आपल्या जुन्या बैलाचं नाव ठेवलं, पाखऱ्या.

आमची इमारत उभी आहे ती तात्यांच्याच उसाच्या रानावर. त्यामुळे फरशीकडेही ते रान म्हणूनच बघतात.

"बघा, आधी बांधाबांधानं फिरला. आता नांगरावानी सरळ तास धरलं. एक तास सुटायचं न्हाई!"

मी पाय वर घेऊन बसतो. पाखऱ्या पलंगाखाली शिरतो, बाजूच्या झुबक्याने कोपऱ्यातला केर पुढ्यात ओढतो आणि गिळतो. त्याचं आटपेपर्यंत चहा मात्र मिळत नाही. "जनावर कामात असताना आपण खायाचं व्हय?"

खरा सोहळा जिन्यात. पाहुणा आला, मग तो विजेचा मीटर बघायला आलेला का असेना, तात्या पाखऱ्याला काखोटीला मारून बाहेर नेतात आणि जिन्याच्या दिशेने सोडतात. पाहुण्याचा जीव टांगणीला. पाखऱ्या वरच्या पायरीच्या कडेला येतो, थबकतो आणि मागे वळतो.

"पोटाखालनं उजेड पाडतंय. उजेड माघारी आला तर जमीन, न्हाई आला तर खड्डा. ह्ये आमच्या वैशूनं शिकवलंय त्याला!"

वैशाली जर्मनीत, हे रोबो बनवणाऱ्या कंपनीत, हेच काम करते. त्या क्षणी तात्यांची छाती जिन्यात मावत नाही. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटतो. मी तर ऑफिसात 'आमची वैशाली' म्हणूनच सांगतो.

यंदा बैलपोळ्याला ती येणार होती. तात्यांनी पाखऱ्याला झेंडूची माळ घातली, नैवेद्य दाखवला. आदल्या रात्री फोन आला होता, रजा मिळाली नाही. "काम असतंय," एवढंच तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उरलेल्या पुरणपोळ्या खायला बोलावलं. ताटं वाढलेली, पण पाखऱ्या जुंपलेला, म्हणून आम्ही थांबलो. अर्ध्यात त्याची बॅटरी उतरली. तो वळला, दोन खोल्या पार करून कोपऱ्यातल्या चार्जरला जाऊन टेकला.

"दावणीला गेला," तात्या म्हणाले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "कमाल आहे! दमला की आपला आपण घरी येतो. हेही वैशालीनेच शिकवलं का?"

तात्या उठले. पाखऱ्याच्या पाठीवर राहिलेली झेंडूची पाकळी त्यांनी उपरण्याने हलकेच पुसून काढली.

"न्हाई. घरी माघारी यायचं काम दुसऱ्या कुणाकडं हाय. आमच्या पोरीकडं निस्तं 'पडायचं न्हाई' येवढंच."

मग माझ्याकडे वळून, मान ताठ करून म्हणाले, "पण त्ये बी लई अवघड काम हाय."