साहेबांच्या पुढे

कयाक चालवणं म्हणजे काय हो? बसायचं आणि वल्हं मारायचं! बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, म्हणजे अर्धं काम झालेलंच होतं.

साहेबांना नुकतंच कयाकिंगचं वेड लागलं होतं, म्हणून ऑफिसची सहल तळ्यावर ठरली. त्यात आमच्या विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी, आणि तिच्यावर माझा कधीपासून डोळा! मी केबिनमध्ये जाऊन ठोकून दिलं, "साहेब, वल्हं तर माझ्या रक्तातच आहे!"

घरी दिवाणावर बसून झाडूनं सराव सुरू केला.

"झाडू हातात आहेच, तर खाली उतरून हॉलही झाडा," बायको म्हणाली.

"बाबा, थांबायचं कसं ते शिकलात का?" लेकीनं विचारलं.

"अगं, पुढे जाणाऱ्या माणसानं थांबायचा विचारच करायचा नसतो!"

तळ्यावर साहेब पुढे, बाकीचे मागे. आमच्याकडे लिफ्टमध्येसुद्धा साहेबांच्या आधी कोणी पाऊल टाकत नाही, तिथं पाण्यात कोण पुढे जाणार? हेडक्लार्क तर अदबीनं उलटं वल्हवत होते. मी मात्र जोर लावला आणि कयाक अशी सुटली, की मलाच माझं कौतुक वाटलं. मग साहेबांची पाठ भराभर जवळ यायला लागली.

"अहो, थांबा!" साहेब ओरडले.

"थांबतोय साहेब!" म्हणत मी घाबरून आणखी जोरात वल्हं मारलं.

धाड! साहेब पाण्यात!

पाणी कमरेएवढंच होतं. पण साहेब भिजलेले आणि आपण कोरडे, हे बरं दिसतं का? हेडक्लार्कनी उडी मारली. मागोमाग हिशेबनीस, रिसेप्शनवाल्या बाई, अख्खा विभाग धबाधबा पाण्यात! कोरडा एकटा मी. माझी कयाक थांबायचं नाव न घेता थेट पलीकडच्या काठाला लागली. तिथून काहीच न सुचून मी सगळ्यांना हात हलवला.

सोमवारी खुर्ची हेडक्लार्कना मिळाली. त्यांना पोहता येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात गटांगळ्या खाताना त्यांना साहेबांनीच ओढून काढलं होतं!

"ह्याला म्हणतात निष्ठा!" साहेब माझ्याकडे बघत म्हणाले. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो. माझा चेहरा बघून बायकोनं काही न विचारता झाडू हातात दिला. मीही मुकाट्यानं हॉल झाडला. इथं निदान कधी थांबायचं ते ती सांगते!